घरी शुगर मोजायला सुरुवात करताय? मीटर, स्ट्रिप आणि सेन्सर घेण्याआधी हे वाचा

डॉक्टरांनी "घरी मीटर आणा आणि मोजत जा" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं, असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मला टाइप २ डायबेटिस आहे, आई इन्सुलिनवर आहे, कोथरूडला आम्ही एकत्र राहतो आणि दोघींचं मोजणं, नोंदी ठेवणं, स्ट्रिप आणणं सगळं मीच बघते. नवीन माणसाचा गोंधळ कुठे कुठे होतो ते आता चांगलं माहीत झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मीटरवर जो आकडा येतो तो नेमका कशातून तयार होतो हे एकदा समजून घ्या. ते कळलं की कुठला आकडा धरायचा आणि कुठला परत मोजायचा हे तुमचं तुम्हालाच उमगायला लागतं, नाहीतर १४० आलं की आनंद आणि १८० आलं की टेन्शन एवढंच होत राहतं आणि बोटं मात्र उगाच टोचली जातात. गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, ते डॉक्टरांशी बोलूनच.

१. डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

केबिनमधून बाहेर यायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कुठल्या वेळी मोजायचं, तुमच्यासाठी टार्गेट किती, आणि किती आकड्याखाली किंवा किती आकड्यावर गेलं की लगेच फोन करायचा. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवल्यावर १८० च्या खाली असं टार्गेट धरतात (आपल्याकडे हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात), पण वय जास्त असेल, किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टर ते जरा सैल ठेवतात. प्रेग्नन्सीमध्ये उलट एकदम कडक असतं, उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. म्हणून शेजारच्या काकूंचं टार्गेट उचलून स्वतःला लावू नका.

आणि हो, डायबेटिस आहे की नाही हे घरच्या मीटरवर ठरत नाही. त्यासाठी लॅबच लागते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, आणि काही लक्षणं नसतील तर तेही दुसऱ्यांदा तपासून पक्कं करतात.

"मी तर बारीक आहे, मला कशाला मोजायला हवं" असं म्हणणारे आपल्याकडे खूप आहेत. पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टर सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के. वजनकाट्यावर आपण बारीक दिसतो आणि चरबी आत असते, त्यामुळे अंगकाठीवरून शुगरचा अंदाज बांधू नका.

जाताना बरोबर काय न्यायचं: आधीचे फास्टिंग-पीपीचे (उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे) रिपोर्ट, शेवटचा एचबीए१सी, हिमोग्लोबिन (याचा मीटरशी काय संबंध ते पुढे येतंय), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. यादीत व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा लिहा, "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून सोडू नका.

२. स्ट्रिपच्या आत काय चालतं ते समजून घ्या

हा भाग थोडा मोठा आहे पण सोडू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पूर्वी लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळून रंग बघायचे, हिरवा पिवळा आला तर थोडी साखर, विटकरी आला तर भरपूर. १९६५ च्या सुमाराला रक्ताचा थेंब टाकून रंग जुळवायच्या पट्ट्या आल्या. १९६२ सालीच लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी वेगळी कल्पना मांडली होती की इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवायचं, म्हणजे साखर थेट विजेच्या भाषेत मोजता येईल. तीच कल्पना घरापर्यंत यायला १९८७ उजाडलं, तेव्हा पेनाएवढं पहिलं इलेक्ट्रोडवालं मीटर बाजारात आलं. आज आपण वापरतो ती बहुतेक मीटर त्याच घराण्यातली आहेत.

वापरलेली एक स्ट्रिप उजेडात धरून बघा. टोकाला केसाएवढी बारीक फट दिसेल, तिच्या आत काळ्या किंवा सोनेरी रेघा दिसतील. काळ्या म्हणजे कार्बनची छपाई, सोनेरी म्हणजे सोनं किंवा पॅलेडियमसारखा धातू. हेच इलेक्ट्रोड. त्यांच्यावर एन्झाइमचा सुका थर असतो. रक्त त्या फटीत आपोआप ओढलं जातं, एन्झाइम ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेतं, पण ते इलेक्ट्रॉन एन्झाइमच्या पोटातून थेट धातूपर्यंत जाऊ शकत नाहीत, म्हणून मधे एक हमाल ठेवलेला असतो, त्याला मेडिएटर म्हणतात (१९८७ च्या मीटरमध्ये तो फेरोसीनचा होता, आता बऱ्याच स्ट्रिपमध्ये फेरिसायनाइड असतो). मीटर काही दशांश व्होल्टचा दाब लावतं, हमाल इलेक्ट्रॉन आणून टाकतो आणि मायक्रोअॅम्पमध्ये करंट वाहतो. साखर जास्त असेल तर करंट जास्त. पाच सेकंदांची उलटी मोजणी चालू असते तेव्हा आत हेच चाललेलं असतं. फटीच्या शेवटी आणखी एक इलेक्ट्रोड असतो जो फक्त "फट पूर्ण भरली का" एवढंच बघतो, म्हणून रक्त कमी पडलं की एरर येतो.

एन्झाइम दोन जातीची वापरतात आणि इथे खरा फरक पडतो. ग्लुकोज ऑक्सिडेजला निसर्गतः ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन द्यायची सवय असते, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन फार जास्त असेल (घरी ऑक्सिजन लावलेला पेशंट) तर काही इलेक्ट्रॉन तिकडे जातात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. हिमालयात उंचावर ट्रेकला गेलात तर याच कारणाने उलटं होऊ शकतं. दुसरी जात ग्लुकोज डिहायड्रोजिनेज, हिला ऑक्सिजनशी देणंघेणं नाही. पण तिच्यातल्याच पीक्यूक्यू नावाच्या जुन्या प्रकारात माल्टोज नावाची दुसरी साखरसुद्धा ग्लुकोज म्हणून मोजली जायची. पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांना आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण देतात, त्यातून शरीरात माल्टोज तयार होतो, मग मीटर भलताच मोठा आकडा दाखवायचं, त्यावर इन्सुलिन दिलं जायचं आणि खरी शुगर जीवघेणी खाली जायची. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) याबद्दल जाहीर इशारा दिला होता. घरात कुणाचं पोटाचं डायलिसिस चालू असेल तर स्ट्रिप विकत घ्यायच्या आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना बॉक्स दाखवाच.

आता हिमोग्लोबिन. लाल पेशी कमी असल्या, म्हणजे अॅनिमिया असला, की थेंबात प्लाझ्माचा (रक्तातल्या पातळ भागाचा) वाटा वाढतो आणि बऱ्याच स्ट्रिप जास्त आकडा दाखवतात. पेशी जास्त असतील तर कमी दाखवतात. आपल्याकडे बायकांमध्ये अॅनिमिया किती आहे ते वेगळं सांगायला नको. स्ट्रिपच्या बॉक्समधल्या घडी घातलेल्या कागदावर हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के) किती ते किती चालेल ते छापलेलं असतं, तुमचा रिपोर्ट त्यात बसतो का बघा. लोह कमी असेल तर एचबीए१सीसुद्धा खोटा वर जाऊ शकतो, म्हणजे दोन्हीकडून फसगत. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची नेहमीची गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि घरात शाकाहार असेल तर बी१२ पण तपासायला सांगा, मेटफॉर्मिनने ते कमी होतं.

३. मीटर निवडताना

दुकानदार "मीटर फ्री, फक्त स्ट्रिप घ्या" म्हणेल. मीटर एकदा घ्यायचं असतं, स्ट्रिप आयुष्यभर, त्यामुळे हिशोब स्ट्रिपचाच करा. एका स्ट्रिपला किती पडतात, आठवड्याला किती लागणार, आणि ती स्ट्रिप तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळते का. ऑनलाइन स्वस्त मिळणारं मीटर पण स्ट्रिपसाठी दर वेळी आठवडाभर थांबायचं, हे रात्री अकराला घाम फुटल्यावर उपयोगाचं नाही. जास्त लागत असतील तर सदाशिव पेठेतल्या औषधांच्या होलसेल दुकानांमध्ये विचारून बघा, बॉक्समागे बरा फरक पडू शकतो.

बघायच्या गोष्टी:

बॉक्सवर आयएसओ १५१९७:२०१३ लिहिलेलं आहे का. याचा अर्थ, शंभरच्या खालच्या शुगरला १०० पैकी निदान ९५ आकडे लॅबच्या १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे आणि शंभरच्या वर १५ टक्के इकडेतिकडे यायला हवेत. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर मीटरवर १७० ते २३० मधलं काहीही चालतं. हे लक्षात ठेवा, पुढे खूप मनस्ताप वाचेल.

उत्पादन किंवा आयात परवान्याचा नंबर छापलेला आहे का. भारतात ग्लुकोमीटर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतात, नंबर नसलेला माल घेऊ नका.

एक्सपायरी. एका दुकानात मला डिस्काउंटच्या नावाखाली महिन्याभरात एक्सपायर होणारा ५० चा बॉक्स देत होते. बॉक्स हातात घेऊन तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

युनिट. इंग्लंडहून मुलाने मीटर पाठवलंय आणि त्यावर ६.८ येतंय म्हणून घाबरलेले लोक आमच्या सोसायटीत आहेत. तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, ६.८ म्हणजे साधारण १२२. शक्यतो इथलंच मीटर घ्या, कारण स्ट्रिपही मग इथेच मिळतात आणि बऱ्याच मीटरमध्ये युनिट बदलता येत नाही.

सगळीच मीटर इलेक्ट्रोडवाली नसतात हेही सांगते. अॅक्यु-चेक अॅक्टिव्ह हे आपल्याकडे खूप घरांत दिसणारं मॉडेल प्रकाशावर चालतं, थेंबाने स्ट्रिपचा रंग बदलतो आणि मीटर तो रंग वाचतं. वाईट काही नाही, फक्त थेंब जरा मोठा लागतो आणि मीटरची काच स्वच्छ ठेवावी लागते. ज्यांची बोटं जाड आहेत किंवा रक्त पटकन येत नाही त्यांना कमी रक्तावर चालणारी इलेक्ट्रोडवाली स्ट्रिप सोयीची.

४. घरी लागणारं सामान

मीटर, त्याच कंपनीच्या स्ट्रिप, टोचायचं पेन, लॅन्सेट (३० किंवा ३३ नंबरच्या घ्या, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक), कोरडा कापूस, वही, जास्तीची बॅटरी, ग्लुकोज पावडरचा डबा आणि सुया टाकायला जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली. कंट्रोल सोल्यूशन मिळालं तर घ्या, त्यात ठरलेली साखर असते, त्याचा थेंब लावून मीटर आणि स्ट्रिप ठीक आहेत का ते कळतं. दुकानदाराकडे बहुधा नसतं, मागवायला सांगा किंवा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा.

पहिल्याच दिवशी मीटरची तारीख आणि वेळ लावा. हे न केल्यामुळे तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर मेमरी उघडली की सकाळचं कुठलं आणि रात्रीचं कुठलं काहीच कळत नाही.

५. टोचायची पद्धत

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. मे महिन्यात हापूस कापला, हात रुमालाला पुसला आणि बोट टोचलं तर आकडा शंभरानेही वर जाऊ शकतो, कारण थेंब मायक्रोलिटरभर आणि बोटाला लागलेला रस त्याच्यापुढे खूपच जास्त. नुसतं स्पिरिटच्या कापसाने पुसून फळाची साखर नीट जात नाही, वाहतं पाणीच पाहिजे. बाहेर असाल आणि पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा वापरा. स्पिरिट वापरलंच तर पूर्ण वाळू द्या.

हात गार असतील तर चोळा, खाली सोडून थोडं हलवा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतं कमी आणि रक्त छान येतं. पेनावर आकडे असतात, कमी खोलीपासून सुरुवात करा. रक्त येत नसेल तर तळहाताकडून टोकाकडे हलक्या हाताने सरकवा, पण टोक दाबून दाबून पिळू नका, त्याने पेशींमधलं पाणी थेंबात मिसळतं.

थेंब मुगाच्या दाण्यापेक्षाही लहान पुरतो. स्ट्रिप आधी मीटरमध्ये घाला, थेंबाचं चिन्ह लुकलुकायला लागलं की स्ट्रिपचं टोक थेंबाला बाजूने टेकवा, रक्त सुर्रकन आत जातं. इलेक्ट्रोडवाल्या स्ट्रिपवर वरून थेंब टाकायचा नसतो. फट अर्धवट भरली तर मागाहून आणखी रक्त लावणं काही मोजक्या मीटरमध्येच चालतं, बाकीच्यांत ती स्ट्रिप गेली असं समजा.

रोज बोट बदला. लॅन्सेट दर वेळी नवीन हे नियमाने बरोबर, आणि दुसऱ्या माणसाची सुई किंवा पेन वापरायचं तर कधीच नाही, नवरा-बायको असाल तरी नाही, हिपॅटायटिस बी अशाने पसरतो. आम्हा दोघींची पेनं वेगळ्या रंगाची आहेत.

६. कधी मोजायचं

रोज सकाळी फक्त फास्टिंग मोजून वही भरणारे खूप लोक आहेत. त्यातून रात्रीचा अंदाज येतो, पण नाश्त्याने काय केलं ते कळत नाही. इन्सुलिनवर नसाल तर जोडीने मोजा: जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून. समजा पोह्यांच्या आधी ११८ आणि नंतर १९६ आलं, तर पुढच्या वेळी पोहे अर्धे करून बरोबर मटकीची उसळ घ्या आणि परत जोडी मोजा, १६० आलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी अशी एकदा जोडीने मोजूनच बघा, "उपास केला तरी शुगर वाढली" याचं कोडं तिथेच सुटतं. या आठवड्यात नाश्ता, पुढच्या आठवड्यात रात्रीचं जेवण, असं फिरवलं की कमी स्ट्रिपमध्ये सगळा दिवस कळतो.

इन्सुलिनवर असाल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा, साधारण प्रत्येक डोसच्या आधी आणि झोपताना. गाडी चालवायच्या आधीसुद्धा. टाइप १ असेल तर आजारपणात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साचणारी आम्लं) पण बघावे लागतात, त्याची वेगळी तयारी ठेवा.

वहीत नुसता आकडा लिहू नका. काय खाल्लं, औषध घेतलं का, चालणं झालं का, ताप होता का, दोन शब्दांत लिहा.

लॅबमध्ये पीपी द्यायला जाताना "टेस्ट आहे म्हणून गोळी नाही घेतली" असं करू नका. डॉक्टरांनी मुद्दाम थांबवली नसेल तर गोळी घेऊन, नेहमीचं जेवूनच पीपी द्यायचं, नाहीतर त्या रिपोर्टवरून औषध उगाच वाढतं.

७. आकडा पटत नसेल तर

लागोपाठ दोनदा टोचलं आणि १५२ व १६४ आलं तर दोन्ही एकच समजा, वर १५ टक्क्यांचं सांगितलंय ते हेच. पण तब्येत एक सांगतेय आणि मीटर भलतंच, तर या क्रमाने जा: हात धुवून परत मोजा, स्ट्रिपची एक्सपायरी बघा, मीटर आणि स्ट्रिप बराच वेळ उन्हात किंवा गारठ्यात होते का आठवा, मग कंट्रोल सोल्यूशन.

लॅबशी ताडून बघायचं असेल तर उपाशीपोटीच बघा. लॅबवाला दंडातून रक्त काढतो त्याच पाच मिनिटांत बोट टोचा. जेवल्यावर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त गोड असतं, २०-२५ टक्क्यांचा फरकही पडू शकतो, आणि लोक तेव्हाच तुलना करून मीटरला नावं ठेवतात. घरी सॅम्पल न्यायला येणाऱ्याकडे राखाडी झाकणाची ट्यूब आहे ना ते बघा. तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के कमी होते, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते सॅम्पल किती वेळ अडकेल सांगता येत नाही.

८. स्ट्रिप सांभाळणं

बहुतेक स्ट्रिप ३० डिग्रीच्या आत ठेवायच्या असतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, आणि दुपारभर उन्हात लावलेल्या टू-व्हीलरच्या डिकीत किंवा बंद कारमध्ये काय होत असेल विचार करा. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, उष्णतेने ते बिघडतं आणि बिघडलेल्या स्ट्रिपवर बाहेरून काही दिसत नाही. कपाटात खालच्या खणात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहू देऊ नका, एक स्ट्रिप काढायची आणि लगेच टक् आवाज येईपर्यंत बंद. स्ट्रिप दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका, मूळ डबीच्या आतच ओलावा शोषणारा थर असतो. डबी उघडली त्या दिवशी पेनाने तारीख लिहा, उघडल्यावर तीन किंवा सहा महिने अशी मुदत असते, ती डबीवर छापलेली असते.

९. दंडावरचा सेन्सर, म्हणजे सीजीएम

सीजीएम रक्त मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातलं ग्लुकोज मोजतो. फ्रीस्टाइल लिब्रेचं उदाहरण घेते कारण आपल्याकडे तोच जास्त दिसतो. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी चकती चिकटवतात, तिच्यातून साधारण पाच मिलिमीटरचा केसासारखा मऊ इलेक्ट्रोड आत जातो, लावायची सुई लगेच बाहेर येते. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज असतं आणि ते ऑस्मियमच्या साखळीने इलेक्ट्रोडला जणू वायरिंग करून जोडलेलं असतं, त्यामुळे फार कमी व्होल्टेजवर काम भागतं. डेक्सकॉमसारख्या दुसऱ्या पद्धतीत एन्झाइमने तयार केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमवर मोजतात, त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि तेवढ्या व्होल्टेजला पॅरासिटामॉलसुद्धा करंट देतं, म्हणून त्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये तापाची गोळी घेतली की आकडा खोटा वर जायचा. नवीन मॉडेलमध्ये पडदा घालून हे बरंच कमी केलंय.

पेशींमधलं पाणी रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतं. एका जागी शुगर स्थिर असताना हे जाणवत नाही, पण जेवल्यावर किंवा पर्वती चढताना शुगर झपाट्याने बदलत असते तेव्हा बोट आणि सेन्सर जुळणारच नाहीत. अशा वेळी आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बाण बघा, शुगर वर चाललीय की खाली ते तो दाखवतो. हात थरथरतोय आणि सेन्सर ९० दाखवतोय तर बोट टोचून खात्री करा, आणि टोचायला काही हाताशी नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून साखर खा.

लावताना आणि वापरताना:

दंड साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, तेल-लोशन नको. लावल्यावर पहिला एक तास आकडा येत नाही, आणि पहिल्या दिवशीचे आकडे जरा सैल धरा, जखम बसत असते. ज्या कुशीवर झोपता त्या दंडाला लावू नका, दाबला गेला की रात्री दोनला खोटा लो (शुगर खाली गेल्याचा आकडा) दाखवतो. फोनने स्कॅन करायचं मॉडेल असेल तर घ्यायच्या आधी फोनमध्ये एनएफसी (जवळ धरून वाचायची सोय) आहे का बघा. अशा सेन्सरची स्वतःची मेमरी आठ तासांची असते, तेवढ्यात एकदा तरी स्कॅन केलं नाही तर मधला डेटा जातो, म्हणून झोपताना आणि उठल्या उठल्या स्कॅन कराच. व्हिटॅमिन सी रोज ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर लिब्रे जास्त दाखवू शकतो, मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी चघळायची गोळीच ५०० ची असते, तेव्हा दिवसाला दोन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. एमआरआयला जाताना बरेचसे सेन्सर काढावे लागतात, त्यामुळे एमआरआय ठरलेला असेल तर नवीन सेन्सर आदल्या दिवशी लावू नका.

१४ दिवसांनी रिपोर्टमध्ये टाइम इन रेंज येतो, म्हणजे ७० ते १८० मध्ये किती वेळ गेला. साधारण ७० टक्क्यांच्या वर हवा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी. म्हाताऱ्या माणसांना ५० टक्क्यांच्या वर चालतं, पण त्यांचं ७० च्या खाली १ टक्क्यापेक्षा जास्त जाऊ नये.

सगळ्यांना कायम लागतो का? माझं मत स्पष्ट आहे. टाइप १, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, झोपेत शुगर खाली जाणारे, यांनी शक्य असेल तर नक्की वापरावा. आईच्या रात्रीच्या लो आम्हाला सेन्सरमुळेच कळल्या, सकाळचं फास्टिंग चांगलं यायचं आणि पहाटे तीनला ५८ असायचं. गोळ्यांवर असणाऱ्यांनी वर्षातून एखादा सेन्सर लावला, त्या काळात नेहमीसारखं खाल्लं आणि नोंद ठेवली तरी खूप शिकायला मिळतं. सेन्सर लागलाय म्हणून दोन आठवडे सॅलडवर राहायचं, यात पैसे वाया जातात.

न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ किंवा अंगठी ऑनलाइन दिसते, ती घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने याबद्दल इशारा दिला, असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नव्हती. खऱ्या सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं ही गोष्ट वेगळी, ते चालतं. त्या खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर काय होईल याची मला खरंच भीती वाटते.

१०. शुगर खाली गेली तर

७० च्या खाली आली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून खाली असेल तर परत तेवढंच, आणि मग काहीतरी खा. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. पेढा, बर्फी, चॉकलेट यात तूप-साय असते, साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, त्यावर अवलंबून राहू नका. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साधी साखरही हळू पचते, त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. गोळीच्या पाकिटामागे घटक वाचा, कारण आपल्याकडे व्होग्लिबोज बऱ्याच मिश्र गोळ्यांत असतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

११. वापरलेल्या सुया

लॅन्सेट आणि इन्सुलिनच्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. पुण्यात बऱ्याच घरांचा कचरा "स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई गोळा करतात आणि सुका कचरा हाताने वेगळा करतात, तुमची सुई त्यांच्या बोटात जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. लिक्विड डिटर्जंटची जाड बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण लावून टेप मारा, वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा. मग तुमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये विचारा, त्यांचा वैद्यकीय कचरा वेगळा उचलला जातो, बरेच जण ती बाटली घेतात. नाहीच घेतली तर गोळा करायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. सीजीएमची चकती आणि लावायचं यंत्रही यातच, यंत्राच्या आत सुई असते.